पालकांना घेऊन या

ढगांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला कोणी शिक्षा करील असं मला कधी वाटलं नव्हतं. ढग कोणाच्या अध्यात नसतात की मध्यात नसतात, आणि मीही साधारण तसाच आहे. विमा कचेरीतलं काम दुपारी आटपलं की घरी येऊन पंख्याकडे बघत पडायचं, त्यापेक्षा विद्यापीठात हवामानशास्त्राच्या पदवीला नाव घालावं, खिडकीशी बसावं आणि ढगांविषयी कोणीतरी चार शब्द सांगावेत, एवढीच माझी माफक इच्छा होती. छप्पन्न वर्षांच्या माणसाने याहून कमी काय मागायचं?

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, कुरकुरणारी बाकं आणि एका बाजूला ओळीने उंच खिडक्या. शेवटच्या बाकावरची खिडकीची जागा मला पहिल्याच दिवशी मिळाली, कारण तिथे ऊन येतं म्हणून ती कोणालाच नको होती. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि आवाज असा मऊ की ऐकता ऐकता माणसाचे खांदे आपोआप सैल पडावेत. त्या "ढग" म्हणाल्या की माझी नजर खिडकीबाहेर जायची, कारण ढग तिथे होते. फळ्यावर होते ते खडूने काढलेले. खरा माल समोर उभा असताना चित्राकडे कोण बघतो? मी बघत राहायचो, ढग सरकत राहायचे, मॅडमचा आवाज कुठूनतरी दुरून यायचा आणि मग बाकं सरकल्याचा खडखडाट झाला की तास संपला हे कळायचं. माझी हजेरी पूर्ण होती हे मी आवर्जून सांगतो. शरीराने मी एकही तास चुकवला नाही.

परीक्षेत प्रश्न आला, उंचीनुसार ढगांचे प्रकार सांगा. मी शिस्तीने अगदी खालच्या ढगापासून सुरुवात केली. तसा एक मी नुकताच पाहिला होता. सकाळी कचेरीत जाताना तो रस्त्यावर उतरून आला होता, पाण्याची टाकी त्यात अर्धी बुडाली होती आणि सायकलवाले घंटी वाजवत आत शिरून नाहीसे होत होते. लिहिता लिहिता मी तिथेच रमलो. पुरवणी मागून घेतली. वेळ संपली तेव्हा मी जमिनीपासून फारसा वर गेलेलो नव्हतो.

निकालाच्या फळ्यावर माझं नाव वेगळ्या रकान्यात होतं. वर लिहिलं होतं "शैक्षणिक प्रोबेशन." वर्गातली मुलं मला काका म्हणतात. त्यांतल्या एकीने फार हळुवारपणे, डॉक्टर सांगतात तसं, मला बाजूला घेऊन सांगितलं. वर्षाला तीन सत्रं, त्यांत गुणांची सरासरी घसरली की एक सत्र प्रोबेशन. त्यात सुधारणा झाली नाही तर एक सत्र निलंबन. निलंबनानंतर परत यायचं तर बुडालेल्या भागाची चाचणी द्यायची, आणि त्यातही नापास झालं की नाव कायमचं कमी. म्हणजे माझ्या आणि त्या खिडकीच्या मध्ये आता नियमांची एक भिंतच उभी राहिली होती. मला मनापासून वाईट वाटलं. आयुष्यात एवढी एकच जागा मी स्वतः निवडली होती.

घरी सांगितलं तर भलतंच झालं. आमच्या घरात प्रोबेशन हा शब्द फक्त नोकरीत लागतो. आईने देवासमोर दिवा लावला आणि विचारलं, "मग कायम कधी करणार?" मी काही बोलायच्या आत ती जिन्यात जाऊन दोन घरांत सांगूनही आली. ब्याऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे भाजी आणायला चालत नाहीत, पण बातमी पोचवायला कसे चालतात हे वैद्यकशास्त्राने शोधून काढायला हवं. संध्याकाळपर्यंत माझं तीनदा अभिनंदन झालं. बायकोने मात्र माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पंखा मोठा केला. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी कक्षातून बोलावणं आलं. तिथे काचेला एक भोक आहे. पलीकडच्या साहेबांचं तोंड दिसतं, पण ऐकायचं असेल तर वाकावं लागतं, आणि वाकलं की तोंड दिसत नाही. वाकलेल्या अवस्थेत मला सांगण्यात आलं की प्रोबेशनवरच्या विद्यार्थ्याने पालकांना घेऊन विभागप्रमुखांना भेटायचं असतं.

मी म्हटलं, मीच पालक आहे. माझ्या मुलीचं लग्न झालं आहे.

साहेब म्हणाले की मुलीचं आपल्याकडे काही नाही, आपल्याकडे तुमचं आहे. नियमात पालक म्हणजे वडील किंवा आई, दोघंही नसतील तर थोरला भाऊ. वडील आहेत का? नाहीत. आई? आहे, पण फार म्हातारी आहे. "पण आहेत ना?" साहेबांनी विचारलं. या प्रश्नाला चांगल्या मुलाने काय उत्तर द्यायचं? मी आहे म्हटलं. बायको चालेल का, असंही विचारून पाहिलं. बायको नियमात नव्हती. वयाची काही सूट? नियमात वय नव्हतं. नियम अठरा वर्षांच्या पोरांसाठी केलेला असणार, पण करणाऱ्याने तसं लिहून ठेवायचा आळस केला आणि त्याचं फळ मला वाकून खावं लागलं.

"तुमचं पालकत्व माझ्याकडे नाही हे एकदा सरकारी माणसाच्या तोंडून आलं, बरं झालं," बायको म्हणाली. "आता आईंना तुम्हीच सांगा."

सांगायचं कसं? एक आठवडा मी आईच्या समोरून नुसता जात-येत राहिलो. अशा वेळी माणूस वरच्या मजल्यावर जातो. तिथे राहतात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. ते वकील नाहीत. त्यांचा भावाशी हद्दीच्या भिंतीवरून खटला चालला, तो इतका चालला की दोन्ही वकील निवृत्त झाले आणि भिंत आपोआप पडली. तेव्हापासून त्यांचा सल्ला इमारतीत प्रमाण मानतात. त्यांनी डोळे मिटून प्रकरण ऐकलं आणि मला तीन मार्ग सांगितले. एक, नियमालाच आव्हान द्यायचं. दोन, तारीख मागत राहायचं. तीन, आई नाही असं लिहून द्यायचं. तिसरा मार्ग त्यांना विशेष आवडला होता, कारण तो त्यांनी मोठ्याने सांगितला. त्यांच्या खिडकीखाली आमची खिडकी आहे आणि आमच्या खिडकीत आई बसते.

मी खाली आलो तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली होती.

"काय केलंस?" तिने विचारलं.

चौथीत असताना तिने मला असंच विचारलं होतं, याच आवाजात, आणि माझे हात तेव्हासारखेच आपोआप मागे गेले. मी सगळं सांगितलं. ती उठून कपाटाकडे गेली. मग म्हणाली की मला शाळेत बोलावलं आहे तर मी जाणार, आणि ठेवणीतले कपडे बाहेर काढायला लागली.

पालकाला आत जायला पास लागतो, पासाला फोटो लागतो, आणि फोटोत आईला आपण करारी दिसायला हवं होतं. फोटोवाल्याने चार वेळा काढला. चारही वेळा तो "जरा हसा" म्हणाला आणि चारही वेळा आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचंच हसू गेलं. शेवटी आला तो फोटो पोलिस ठाण्यात लावण्याजोगा होता. पासावर लिहिलं होतं, "पालक. वैधता, शैक्षणिक वर्षअखेरपर्यंत." साहेबांनी तो काचेच्या भोकातून सरकवला आणि आईला उठून नमस्कार केला. मला त्यांनी कधी केला नव्हता.

विभागप्रमुख म्हणजे आमच्याच मॅडम. मला वाटलं होतं, आई आपली बाजू घेईल. ज्या अर्थी ती माझी आई आहे त्या अर्थी हा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. पण खुर्चीत बसता बसता आईने मॅडमचा हात धरला आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही बाळ. हा पहिल्यापासून असाच आहे." मग मी लहानपणी दूध आणायला जायचो आणि रिकामं भांडं घेऊन परत यायचो ती गोष्ट झाली. मॅडमनी विचारलं, दूध कुठे जायचं? "जायचं कुठे, घेतलंच नसायचं. रस्त्यात वर बघत उभा. विचारलं कुठे होतास, तर म्हणे आई, वर उंट होता. मी एक ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंट."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलेला तो धुक्याचा भाग मी दोनदा वाचला. पण मी विचारलं होतं ते त्यात नाहीये हो." ओशाळलेल्या माणसाला ओरडा परवडतो. हे असं काही बोललेलं परवडत नाही. मी पायपुसण्याकडे बघत राहिलो. ठरलं असं, की नियमाप्रमाणे पालकांना वर्गात बसून लक्ष ठेवता येतं, तर आईने बसावं.

आता ऐका. तीन मजले चढून आई वर आली, वर्गातली सगळी मुलं उभी राहिली, कोणीतरी उशी आणली, आणि आईला वारा हवा म्हणून तिला माझी खिडकीची जागा दिली. मी आतल्या बाजूला. आता बाहेर बघायचं तर मधे आई होती. मान वळली की तिचं कोपर बरगडीत यायचं. अशा रीतीने मी पहिल्यांदा फळा पाहिला. त्यावर बरंच काही लिहिलेलं असायचं.

आईला आधी वाटलं, आपण पहाऱ्याला बसलो आहोत. पण न ऐकता किती दिवस बसणार? हळूहळू तिचं लक्ष लागायला लागलं. मॅडमनी सिरस नावाचा ढग सांगितला. फार उंचावर असतो, पिसासारखा पातळ, खाली कधी येत नाही, पाऊस देत नाही. आई माझ्या कानाशी म्हणाली, "तुझी आत्या." मी दचकलो, पण खरंच ती आत्या होती. घरात कार्य असलं की गच्चीवर उन्हात केस वाळवत बसणारी, कामाला म्हणून कधी खाली न उतरलेली आत्या. मग स्ट्रेटस आला. खालून पसरणारा, करडा, आकाश भरून टाकणारा आणि न हलणारा. "तुझा काका," आई म्हणाली. दोन दिवसांसाठी म्हणून आला तो आम्हाला अजून आठवतो. जो गडगडतो, वीज पाडतो आणि तासाभरात काही झालंच नाही असा निघून जातो, तो क्युम्युलोनिम्बस म्हणजे थोरली काकू. सासरकडचे सगळे ढग असे गेले. पांढरेशुभ्र, कापसासारखे, निरुपद्रवी क्युम्युलस तेवढे आईच्या माहेरचे निघाले. हवामानशास्त्रात हा योगायोग कोणी नोंदवलेला नसावा.

ते दिवस मला फार सुखाचे गेले. दुपारी आईचा हात धरून जिने चढायचे, मधल्या वळणावर तिने दम घ्यायचा, वरती मुलं "आजी आल्या" म्हणायची. परत येताना रिक्षात बसून ती वर बोट दाखवायची, "तो बघ मामा चाललाय," आणि मामा खरंच चाललेला असायचा, सावकाश, पूर्वेकडे, पोट सावरत. सगळं गणगोत वर तरंगत होतं. त्यांतले कित्येक तर खाली उरलेही नव्हते. मला वाटलं, आता नापास कसा होईन? एकेक ढग मला रक्ताच्या नात्याने ठाऊक होता.

आणि नेमका तिथेच घात झाला. परीक्षेत विचारलं, स्ट्रेटस ढगाची वैशिष्ट्ये लिहा. मी पेन टेकवलं आणि काका आला. तो कसा न सांगता आला, ट्रंक कशी खिडकीखाली ठेवली, त्याच्यामुळे घरात कसा उजेड येईनासा झाला आणि आई कशी गप्प गप्प काम करत राहिली, हे मी लिहीत गेलो. आपण काय लिहितोय हे मला कळत नव्हतं असं नाही. मला वाटत होतं, हे झालं की वैशिष्ट्यांकडे वळू. पण काका उठेपर्यंत परीक्षा संपली. तो घरीही असाच कधी वेळेवर उठला नव्हता.

एक सत्र निलंबन. मॅडमनी नियमाबाहेर काही केलं नाही आणि मी मागितलंही नाही. निलंबित विद्यार्थ्याला फाटकाच्या आत पाय ठेवता येत नाही. सत्राच्या शेवटी चाचणीपुरतं तेवढं आत घेणार, आणि ती बुडालेल्या भागावर. आता वर्गात न बसता बुडालेला भाग यायचा कसा, हे नियम करणाऱ्यालाच माहीत. वकीलसाहेब मुद्दाम खाली आले आणि म्हणाले, तिसरा मार्ग घेतला असता तर ही वेळ आली नसती. आईच्या देखत म्हणाले. मी जेवलो नाही. कचेरीतून येऊन पंख्याकडे बघत पडलो. पंखा गोल फिरतो, त्यात कधी उंट येत नाही.

तिसऱ्या दिवशी आई माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. कपडे ठेवणीतले. गळ्यात पास.

"उठ. वर्गाची वेळ झाली."

"मला बंदी आहे, आई."

"तुला आहे. मला कुठे आहे? यावर वर्षअखेर लिहिलंय." मग जरा थांबून म्हणाली, "काका मी तुझ्या डोक्यात घातला. मीच काढते."

काचेमागच्या साहेबांनी नियमांची पुस्तिका पुढून मागून पाहिली म्हणतात. विद्यार्थी निलंबित झाला तर पालकाने यायचं नाही, असं तिच्यात कुठेच नव्हतं. असला पालक नियम करणाऱ्याच्या कल्पनेत आला नसेल. त्यांनी आईला सोडलं, आणि वर्गातल्या मुलांनी तिला वर नेलं.

मग रोज असं सुरू झालं. मी आईला फाटकापर्यंत सोडायचो. समोर रस्त्यापलीकडे एक बसथांबा आहे, तिथल्या बाकावर बसायचो. तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खिडकी तिथून दिसते. तीत आईचं डोकं दिसायचं, पांढरं, लहानसं. मी त्या ढगाकडे बघत बसायचो. तास सुटला की ती यायची, माझा हात धरायची आणि घरापर्यंत शिकवायची. शिकवण्यात दयामाया नव्हती. "आधी नाव सांग. उंची सांग. पाऊस देतो का सांग. माणसं मनात ठेव." माझ्या तोंडून काका निसटला की ती भर रस्त्यात थांबायची आणि पहिल्यापासून म्हणायला लावायची. बाजूने जाणारे लोक बघायचे. एका सभ्य, टक्कल पडलेल्या गृहस्थाला एक म्हातारी धमकावते आहे, असं त्यांना वाटत असणार. मानहानीचं म्हणाल तर तीही सवयीने अंगवळणी पडते.

गंमत म्हणजे मला सगळं येऊ लागलं. मॅडमच्या आवाजात मी वाहून जायचो. आईच्या आवाजात वाहून जायची सोय लहानपणापासून नव्हती.

चाचणी झाली. तिच्यात एकही नातेवाईक आला नाही. एकदा पेन अडखळलं, थोरली काकू दारात उभी होती, पण मी तिला आत घेतलं नाही. निकाल वर्गात सांगणार होते आणि मी अजून फाटकाबाहेरचाच होतो, म्हणून आई गेली. मी बाकावर बसलो. बायको त्या दिवशी स्वतःहून बरोबर आली होती. "नाही घेतलं तर?" मी तिला विचारलं. "तर रोज इथे येऊन बसू," ती म्हणाली. तिने असं काही बोलावं याची मला सवय नाही. मी नुसता तिच्या पिशवीचा एक बंद धरून बसलो.

तास सुटला. मुलं बाहेर आली. आई आली नाही. मुलं पांगली, सायकली गेल्या, फाटकावरच्या माणसाने फाटकाची एक बाजू लावून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत डोकं दिसत नव्हतं, कारण उतरतं ऊन आता काचेवर पडलं होतं. मला नाही नाही ते वाटायला लागलं. नाव कमी झालं असणार, आणि हे मला कसं सांगायचं म्हणून ती जिन्यात बसली असणार. आत जाता येत नव्हतं. लहानपणी शाळा सुटल्यावर मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचो आणि ती फाटकाशी उभी असायची. तिला काय होत असेल हे मला त्या दिवशी, फाटकाच्या सळ्या धरून उभा असताना कळलं.

शेवटी ती दिसली. एकटीच येत होती, रमतगमत, मान जरा वर करून. पायाखाली बघतही नव्हती.

"अगं किती उशीर? काय झालं?"

"काही नाही रे," आई म्हणाली. "वर उंट होता."

बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे.

"निकाल, आई. निकालाचं काय झालं?"

"हां, ते. घेतलं तुला परत." तिने गळ्यातला पास पुढे केला. तो नवा होता. "पण परत आलेल्याला पहिलं सत्र प्रोबेशनवर बसवतात म्हणे. पालक लागतोच. मी मॅडमला म्हटलं, घाई करू नकोस, बसू दे त्याला." मग तिने माझी बाही धरली आणि बोटाने वर दाखवलं. "तो बघ. अजून आहे."

आम्ही तिघं फाटकाशी उभे राहून वर बघू लागलो. त्याची मान विरत चालली होती आणि मागचा पाय कुठे सुरू होतो ते नीट कळत नव्हतं. पण उंटच होता.